पोच

"चहा की कॉफी?" त्याने बायकोला दुसऱ्यांदा विचारलं. ती समुद्राकडे बघत बसली होती. समुद्र म्हणजे अगदी समुद्र नव्हे. रिसॉर्टच्या जेवणघराच्या खिडकीतून दिसायचा तो पोहण्याचा तलाव, त्यापलीकडे दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी, आणि वारा आला तर दोन चादरींच्या फटीतून बोटभर निळं. त्या बोटभर निळ्यावर तिची नजर लागली होती. तिसऱ्यांदा विचारावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मागून वाढपी वाकला आणि दुसऱ्याच्या घरातलं काही बोलताना माणूस जसा आवाज खाली आणतो तसा आणून म्हणाला, "साहेब, मॅडमना त्या बाजूने विचारू नका. डाव्या कानाने त्यांना येत नाही ऐकू." मग तो वळसा घालून तिच्या उजवीकडे गेला. "मॅडम, साहेब विचारताहेत, चहा की कॉफी?" "चहा," ती ताबडतोब म्हणाली. "आणि साखर वेगळी द्या हं."

एवढंच झालं. कप आले, टोस्ट आले. टोस्टच्या यंत्रातून पाव एकदा गेला तर पांढराच राहायचा आणि दोनदा गेला तर कोळसा व्हायचा, त्यामुळे गेले तीन दिवस पाहुणे त्या यंत्रासमोर जुगाऱ्यांसारखे श्वास रोखून उभे असत, आजही होते. जगात काही बदललं नव्हतं. फक्त त्याच्या बरगड्यांच्या आत कुठेतरी एक कपाट आपोआप उघडलं आणि त्यातले कागद एकेक करून घसरायला लागले. त्याने वाढप्याला कॉफीच्या भांड्यापाशी गाठलं. "तुम्हाला कसं कळलं?" वाढपी पन्नाशीचा होता, ओळख तीन दिवसांची, तीही उकडलेल्या अंड्यांपुरती. "आमच्या वडिलांचं असंच होतं, साहेब. हाक मारली की वळायचे नाहीत, पण समोर बशी ठेवली की दचकायचे. मॅडमचं पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तेव्हापासून मी उजवीकडूनच वाढतोय." आणि मग, माणूस भला होता, काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, "नवीनच लग्न झालंय का साहेब?"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्याने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

टेबलापाशी परत आला तेव्हा तो मुद्दाम दुसरी खुर्ची ओढून तिच्या उजवीकडे बसला. तिने त्याच्याकडे जरा नवलाने बघितलं. त्याची खुर्ची, त्याची बाजू, त्याचा टॉवेल ठरलेला असायचा. "अगं," तो म्हणाला, "तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही?" "नाही." "कधीपासून?" "झालं की दीड वर्ष." "मग मला सांगायचं नाहीस?" ती टोस्टला लोणी लावत होती, अगदी कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांना सारखं, तिच्या हातून कुठलाच कोपरा सुटत नसे. "सांगितलं की," ती म्हणाली. "तीनदा."

तीनदा. हा आकडा दुसऱ्या कुणाच्या बायकोने उच्चारला असता तर तो नुसता आकडा राहिला असता. पण तो पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस होता, आता उपअधीक्षक, आणि त्या विभागात तीन या आकड्याला धर्मग्रंथाचं वजन होतं. पहिला अर्ज आला की 'आपली तक्रार प्राप्त झाली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' दुसरा आला की 'आपली तक्रार संबंधितांकडे पाठवण्यात आली आहे.' तिसरा आला की 'सदर बाब नैसर्गिक स्वरूपाची असल्याने याबाबत अधिक काही करणे शक्य नाही,' आणि फाइल लाल दोऱ्याने बांधून मागच्या खोलीत. नळाला पाणी येवो न येवो, तिसऱ्या उत्तरानंतर तक्रार मेलेली असायची. नोकरीला लागला तेव्हाच्या हेडक्लार्कने, तंबाखू मळता मळता, त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती: "कागद हातात आला की लगेच त्याच्यामागे धावू नकोस. एक रात्र मुरू दे. तक्रारीची निम्मी आग झोपेतच विझते." हे खरं होतं. सत्तावीस वर्षांत त्याने पाहिलं होतं, आज टेबलावर मुठी आपटणारा माणूस उद्या विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखा ओशाळून उभा राहतो. आणि तरीही कुणी उद्या मुठी आपटल्याच, तर शेवटचा उपाय होता. मान वर न करता विचारायचं: "पोच आहे का?" अर्ज दिल्याची, शिक्का मारलेली पोच. माणसं शर्टाचे खिसे चाचपायची, पँटचे चाचपायची, पिशवी उलटी करायची. "दिला होता हो अर्ज, याच खिडकीत दिला होता, तुम्हालाच दिला होता." असेल. पण पोच नाही म्हणजे अर्ज नाही. या प्रश्नाची त्याला इतकी सवय झाली होती की एकदा धाकट्या पुतण्याने 'काका, मी तुला पत्र पाठवलं होतं' म्हटल्यावर तोंडातून तेच निघालं, आणि सगळे हसले होते. तीही हसली होती.

आता ते तीन अर्ज एकामागून एक समोर आले, तारखांसकट. पहिला: तिची आई जाऊन महिना झाला असेल, ती पलंगावर बसून तळपायाला तेल चोळत होती. "डाव्या कानात शिट्टी वाजल्यासारखं होतंय." तो म्हणाला होता, "बघू." दुसरा: जिन्यात, कुलूप काढताना. "मी आता बोर्डवर हेडफोन उजव्या कानाला लावते. डाव्याने काही कळतच नाही." ती एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होती, तीस वर्षं उजव्या हाताने लिहून घ्यायचं म्हणून हेडफोन डाव्या कानावर, आणि त्या कानातून हजारो लोकांच्या बातम्या गेल्या होत्या, मुलगा झाला, ऑपरेशन नीट झालं, ताबडतोब या. तो म्हणाला होता, "एकदा दाखवून घ्यायला हवं." तिसरा: रविवारी, त्याच्या तोंडासमोर वर्तमानपत्र होतं. "त्या कानाने आता अजिबात नाही येत." आणि वर्तमानपत्रामागून, संपूर्ण सद्भावनेने, त्याने निकाल दिला होता, "वयोमानाने होतं तसं." नैसर्गिक स्वरूपाची बाब. चौथ्यांदा ती बोलली नव्हती. त्याच्या खात्याची कार्यपद्धती तिच्याइतकी चोख कुठल्याच अर्जदाराने पाळली नसेल.

पण त्याने ओठांशी नेलेला कप न पिताच बशीवर परत ठेवला तो या तीन अर्जांमुळे नाही. ते वाईट होतं, पण असल्या वाइटाची त्याला सवय होती. घरी गेलो की डॉक्टर, तपासण्या, यंत्र. कप परत ठेवला तो चौथ्या एका गोष्टीमुळे. अकरा महिन्यांपूर्वी, बसमध्ये, ती उजवीकडच्या खिडकीशी बसली होती आणि तो तिच्या डावीकडे. अकरा महिने. दीड वर्ष. वजाबाकी साधी होती, पण त्याने ती दोन वेळा करून बघितली.

सुट्टीसाठी हे बेट त्याने निवडलं होतं, आणि निवडलं होतं ते त्या बसच्या प्रवासामुळेच. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः होऊन, कुणी मागे न लागता, 'सहा रात्री, दोन रिसॉर्ट, तीन अधिक तीन' असं काहीतरी त्याने संगणकावर पसंत केलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्हाला काय झालंय काय? बरे आहात ना?" छायाचित्रात नारळाच्या दोन झाडांमध्ये झोपाळा होता. प्रत्यक्षात एकच झाड होतं आणि झोपाळ्याचं दुसरं टोक पाण्याच्या टाकीच्या नळाला बांधलं होतं, त्यामुळे झोपाळ्यात कुणी आडवं झालं की वरच्या मजल्यावरच्या न्हाणीतलं पाणी बंद व्हायचं. खोली 'समुद्र दिसणारी' होती. दिसायचा, कमोडवर उभं राहिलं तर. पहिल्या दिवशी ती कमोडवर चढून, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन समुद्र बघून आली होती आणि म्हणाली होती, "आहे. फसवलं नाही त्यांनी." ते दोघे किती हसले होते. पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून, दमट, फिनेलचा वास येणारे. एरवी तो खाली जाऊन व्यवस्थापकाला चार शब्द सुनावून आला असता. पण अकरा महिने तो हलका होता, मोकळा होता. न्हाणीत गुणगुणायला लागला होता, पोट सुटलं होतं, ऑफिसात एकदोन अर्जांवर चक्क कार्यवाही केली होती. माफी मिळालेला माणूस होता तो. त्या माफीवर वाढपी सकाळी साडेआठ वाजता ओला फडका मारून गेला होता.

मंगळवार होता. एकोणीस महिन्यांपूर्वीचा. ती दुहेरी पाळी करून आली होती आणि आंघोळीला गेली होती. तिचा फोन टेबलावर वाजला आणि त्याने उचलला. तिचा भाऊ होता, दादा. "आईला जास्त आहे. सारखी हिचंच नाव घेतेय. नऊची बस मिळाली तर बघा. पाठवा तिला आजच." "हो हो, सांगतो," तो म्हणाला. दादाचं सगळंच जास्त असायचं; सर्दीलासुद्धा तो जास्त म्हणायचा. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. फोन खाली ठेवल्यावर त्याच्या मनात काय चाललं होतं हे पुढे त्याने स्वतःला अनेकदा नीट मांडून दाखवलं होतं: ती दमली होती, रात्रीचा प्रवास, धक्के खात सात तास, म्हातारीचं असं याआधी दोनदा झालं होतं, उद्या पहाटे सांगू, रात्रभरात कदाचित बरंच वाटेल. एक रात्र मुरू दे. त्याने मुरू दिलं. पहाटे सव्वापाचला तिला हलवून म्हणाला, "अगं, आत्ता दादाचा फोन आला होता." ती अर्धवट वेणीने निघाली. म्हातारी साडेचारलाच गेली होती. आयुष्यभर लोकांचे फोन ज्याचे त्याला ताबडतोब जोडून देणाऱ्या बाईचा एकच फोन कुणीतरी धरून ठेवला होता, आणि तो तिच्या शेजारच्या उशीवर घोरत होता.

मग आठ महिने त्याने जे काढले ते काढले. दादा भेटला की तो त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. दादा आता बोलेल, 'पण मी तर आदल्या संध्याकाळीच.' दादा बोलला नाही. दुःखात माणसं वेळापत्रक बघत नाहीत. शेवटी दादाकडूनच परत येताना, मांडीवर म्हातारीच्या चष्म्याचं घर आणि दोन साड्यांची पिशवी घेऊन ती खिडकीबाहेर बघत असताना, तो बोलला होता. पाऊण तास तयारी केली होती. वाक्यं जुळवली होती, त्यातली 'अनवधानाने' आणि 'परिस्थितीवशात' खोडली होती. "फोन आदल्या संध्याकाळी आला होता. मी तुला सांगितलं नाही. माझं चुकलं." एवढंच, पण सरळ. ती हलली नाही. बाहेर विजेचे खांब मागे जात होते. आणि मग, मान न वळवता, तिने पर्स उघडली, आत चाचपडलं, आणि एक पेपरमिंटची गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली आणि त्याचे डोळे भरून आले. एवढी मोठी बाई आपल्या वाट्याला आली होती आणि आपण तिला नीट बघितलंही नव्हतं, असं त्याला वाटलं. ती गोळी त्याने चावली नाही. घर येईपर्यंत पुरवली.

"उठा आता," ती म्हणाली. "गाडी दहाला आहे ना?" चौथा दिवस म्हणजे रिसॉर्ट बदलण्याचा दिवस. मनगटावरची निळी प्लॅस्टिकची पट्टी काउंटरवर कात्रीने कापून घेतली, तिथल्या बाईने 'पुन्हा या' म्हटलं, आणि त्यांच्या बॅगा एका व्हॅनच्या टपावर चढल्या. तो धावत पुढे जाऊन डावीकडच्या खिडकीशी बसायला गेला, म्हणजे स्वतः डावीकडे आणि ती उजवीकडे, आणि बसल्यावर लक्षात आलं की उलटं झालं. तिचा डावा कान पुन्हा त्याच्याकडेच आला. उठून पलीकडे जायला निघाला तर तिने हात आडवा केला. "मला उजवी खिडकी लागते. तुम्हाला माहितीये." माहीत होतं. किती वर्षांपासून? की दीडच वर्षापासून? रिक्षात, बसमध्ये, सिनेमाला, लग्नाच्या पंगतीत, ती सगळीकडे अशीच बसत होती का, त्याचं बोलणं मेलेल्या बाजूला येईल अशी? मागच्या सीटवर एक नवं जोडपं स्वतःचेच फोटो काढत होतं. मुलगी म्हणत होती, "ऐक ना, ऐक ना, ऐक ना," आणि मुलगा म्हणत होता, "ऐकतोय ना बाबा." व्हॅन नारळांमधून, मग सिमेंटच्या अर्धवट इमारतींमधून, मग पुन्हा नारळांमधून चालली होती. त्याने प्रयोग म्हणून, तोंड तिच्या डाव्या कानाशी नेऊन, साध्या आवाजात म्हटलं, "मी वाईट माणूस आहे." तिने खिडकीची काच जरा सरकवली.

सांगायलाच कशाला हवं, असा एक विचार व्हॅनमध्ये आला आणि त्याने त्या विचाराला शेजारी बसवून घेतलं. अर्ज पोचलाच नाही तर तक्रारही नाही. तिला माहीत नाही म्हणजे तिला त्रास नाही. उरलेल्या तीन रात्री, उरलेलं आयुष्य, गुणगुणत काढता येईल. पण गुणगुणायला तोंड उघडलं की आत तीच गोळी असणार होती. अकरा महिन्यांचं सुख त्याने खोट्या शिक्क्यावर उचललं होतं. ज्या माफीने तो माणूस झाला होता ती कुणी दिलीच नव्हती. गेल्या अकरा महिन्यांतला तो स्वतः, तो हसणारा, कमोडवर चढणाऱ्या बायकोला खांदा देणारा, तो कोण होता? त्याला त्या माणसाचा हेवा वाटला, दया आली, आणि मग तो मेल्यासारखा वाटला. सांगायलाच हवं होतं. आजच. हेडक्लार्क कधीचाच वारला होता, पण त्याचा तंबाखूचा वास व्हॅनमध्ये आला: एक रात्र, एकच रात्र. "नाही," तो मोठ्याने म्हणाला. चालकाने आरशातून बघितलं.

दुसरं रिसॉर्ट पहिल्यासारखंच होतं. त्याच मालकाचं असावं. भिंतीवर शिडाच्या जहाजाचं तेच चित्र, रिमोट त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत रबराने बांधलेला, दारामागे तीच पाटी: 'खोलीत वाळू आणू नये.' वाळू आधीच होती. पट्टी तेवढी नारिंगी बांधली. दुपारी जेवण्याआधी तो तिला किनाऱ्यावर घेऊन गेला. आता त्याने हिशेब नीट केला होता: तिच्या उजवीकडे राहायचं. पण जाताना उजवीकडे समुद्र होता, त्यामुळे तो चपलांसकट घोटाभर पाण्यातून चालू लागला आणि ती कोरड्या वाळूतून. "अहो, भिजताय की." "राहू दे. छान वाटतंय." त्याने सुरुवात केली. "अगं, तुझ्या आईंचा तो फोन," आणि एक लाट आली, ती त्याच्या गुडघ्यापर्यंत चढली आणि जाताना डाव्या पायातली चप्पल घेऊन गेली. "काय म्हणालात?" "काही नाही. चप्पल." येताना उजवीकडे जमीन यायला हवी होती, तो लगबगीने त्या बाजूला गेला, एक पाय अनवाणी, तर तिथे तापलेल्या वाळूत लोखंडी खुर्च्यांची रांग होती आणि त्या खुर्च्यांमधून नाचत तो तिच्याशी समांतर जाऊ बघत होता. कुणीही त्या माणसाकडे बघून म्हटलं असतं की सुट्टी याला मानवली आहे. "तुम्हाला ऊन लागलंय," बायको म्हणाली. "खोलीत चला. जरा पडा."

खोलीत एअर कंडिशनर घरघरत होता. पलंगावर तेच दोन हंस. ती पलंगाच्या कडेला बसली आणि हंस उलगडायला लागली, आधी मान, मग पंख. तो तिच्या उजवीकडे येऊन उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. "अगं, आई गेल्या तेव्हाचा दादाचा फोन," तो म्हणाला, आणि आपला आवाज खिडकीत अर्ज घेऊन आलेल्या माणसासारखा बारीक झालाय हे त्याला ऐकू आलं. "तो पहाटे नव्हता आला. आदल्या संध्याकाळी आला होता. मी घेतला होता. तू दुहेरी पाळी करून आली होतीस, दमली होतीस. म्हटलं, सकाळी सांगू. माझं चुकलं."

दुसऱ्या हंसाची मान तिच्या हातात होती. "सात दहाला," ती म्हणाली. "दोन मिनिटं चाळीस सेकंद."

त्याला कळेना.

"फोन माझा होता ना. त्यात राहतं सगळं. बसमध्ये बसले आणि किती वाजेपर्यंत पोचेन ते दादाला सांगायला फोन काढला, तेव्हा दिसलं. आई गेलीय हे मला अजून कळायचं होतं. आधी हे कळलं."

"तू काही बोलली नाहीस."

"म्हटलं, तुम्ही बोलाल."

"एकोणीस महिने?"

"तुमचंच ना ते? कागद मुरू द्यावा." तिने टॉवेल झटकला. वाळू उडाली. "रोज वाटायचं, आज बोलतील. जेवताना वाटायचं. दिवा मालवला की वाटायचं. मग वाटेनासं झालं."

"पण मी बोललो!" तो जवळजवळ ओरडला. "बसमध्ये, दादाकडून येताना, आईंचा चष्मा होता तुझ्या मांडीवर, तेव्हा बोललो मी. सगळं सांगितलं. तू मला गोळी दिलीस!"

"कसली गोळी?"

"पेपरमिंटची!"

ती आठवू लागली. खरंच आठवू लागली, कपाळाला आठी घालून, एखाद्या चुकीच्या नंबरवरच्या माणसाला मदत करताना घालत असेल तशी. "हां," ती म्हणाली. "तुम्ही काहीतरी पुटपुटत होता. खांद्याला कळत होतं. म्हटलं, ऑफिसचं काहीतरी असेल. तोंडात गोळी असली की तुम्ही गप्प बसता."

त्याचे हात कधी खिशाकडे गेले त्याला समजलं नाही. शर्टाचा खिसा त्याने चाचपला, मग ओल्या पँटचे. काय शोधत होता? "शपथ घेऊन सांगतो," तो म्हणाला. "सांगितलं होतं. तुझ्या शेजारी बसून, तुलाच सांगितलं होतं."

तिने त्याच्या हातांकडे बघितलं. विचारेल असं त्याला वाटलं. तो प्रश्न तिच्या ओठांवर आलेला त्याला दिसला, सत्तावीस वर्षं तो घरी येऊन ज्या प्रश्नाच्या गमती सांगत होता तो. तिने विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

"सांगितलंही असेल तुम्ही," ती म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. पण मी वाट बघितली त्याचं काय करू? ती कुठे परत करू?" मग टॉवेलची घडी घालत, उद्याच्या भाजीबद्दल बोलावं तशा आवाजात, "इथून गेल्यावर मी दादाकडे राहणार आहे. आईची खोली रिकामीच आहे. निघायच्या आधीच ठरवलं होतं. तुम्ही एवढ्या हौसेने हे सगळं केलंत, म्हटलं येऊ. मला समुद्र बघायचाच होता."

"पण आता तर मी सांगितलं ना? आता, उजव्या बाजूला, नीट!"

"हो," ती म्हणाली. "आता पोचलं."

आणि ती आडवी झाली. पाय पोटाशी घेतले, भिंतीकडे तोंड केलं आणि उजवी कूस घेऊन उजवा कान उशीत रुतवला. ही तिची झोपायची कूस, दीड वर्षांपासूनची. त्याला वाटायचं, भिंतीकडून गार लागतं म्हणून. आता वर एकच कान होता, डावा. एअर कंडिशनर घरघरत होता आणि ते तिला ऐकू येत नव्हतं. खालच्या तलावात कुणीतरी उडी मारली, तेही नाही. तिच्यापुरतं बेट आत्ताच संपलं होतं.

तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. तो कान त्याने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. पाळीत कुडीचं भोक ओघळून लांबट झालं होतं. वरच्या कडेला, जिथे तीस वर्षं हेडफोनची तार टेकली होती, तिथे केस उगवायचे थांबले होते. एक गुळगुळीत, पांढुरकी रेघ. त्या रेघेवर वाळूचा एक कण होता. तो काढायला त्याने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. उशिरा का होईना, आपण सगळं सांगून टाकलं, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि म्हणताक्षणीच ते खोटं आहे हे त्याला कळलं. सगळं त्याने बसमध्ये सांगितलं नव्हतं, आत्ताही नाही. स्वतःलाही नाही.

तो वाकला. ओठ त्या कानाशी नेले. तिचा श्वास संथ चालला होता.

"मंगळवार होता," तो म्हणाला. "सात दहाला फोन आला. तू आंघोळीला गेली होतीस. तू दमली होतीस हे खरंय, पण त्यामुळे नाही. मागे एकदा असाच फोन आला होता, तेव्हा तू होतीस तशीच निघाली होतीस, आठवतं? मी कोरडा पाव खाऊन झोपलो होतो." खाली कुणीतरी पुन्हा उडी मारली. "ओट्यावर तांदूळ धुऊन ठेवलेले होते. तुला सांगितलं असतं तर ते तसेच राहिले असते. मी बघितलं तांदळाकडे. दोन मिनिटं बघितलं. आणि मग ठरवलं, उद्या सांगू." त्याने श्वास घेतला. "मला भूक लागली होती, अगं. एवढंच."